व्हिक्टोरिया फॉल्सला (झिंबाब्वे) संध्याकाळी आणि रात्री काय करता येतं?

मुलुंडची_माऊ
नमस्कार मंडळी, जून एंड किंवा जुलैमध्ये व्हिक फॉल्सला जायचं घाटतंय, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि सासूबाई (वय ७०+, प्युअर व्हेज, पण चालायला आमच्यापेक्षा फिट). धबधबा, हेलिकॉप्टर, बोट्स्वानातल्या चोबे नॅशनल पार्कची डे ट्रिप हे सगळं दिवसाचं झालं, त्याची माहिती नेटवर ढिगाने आहे. माझा प्रश्न संध्याकाळी सहानंतरचा आहे. दिराला क्लब वगैरे हवंय, सासूबाईंना "उगाच हॉटेलात टीव्ही बघत बसायला एवढ्या लांब कशाला जायचं" असं वाटतंय आणि ते बरोबरच आहे. गावात रात्री फिरता येतं का? जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज.

पक्या_जोबर्ग
मी जोहान्सबर्गला राहतो, तिथून फ्लाइट दोनेक तासांची, त्यामुळे भारतातून कोणी पाहुणे आले की व्हिक फॉल्स ठरलेलंच. आधी दिराची समजूत काढा, हे गोव्यासारखं रात्रभर जागणारं गाव नाहीये. गाव एवढंसं, लोक लवकर जेवतात आणि झोपतात कारण सकाळी सहाला सफारीची गाडी दारात असते. आणि रात्री पायी फिरणं हा विषय डोक्यातून काढून टाका. चोरांची भीती हे कारण नाही, हत्ती हे कारण आहे. गावाला लागूनच नॅशनल पार्क आहे, अंधार पडला की हत्ती, कधी रानरेडे, सरळ रस्त्यावर येतात. दोन गल्ल्या पलीकडे जेवायला जायचं असेल तरी हॉटेलला सांगून टॅक्सी मागवायची, स्थानिक लोकही तेच करतात.

तुमच्यासाठी संध्याकाळ म्हणजे झांबेझी नदीवरची सनसेट क्रूझ. जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या आसपासच मावळतो, त्यामुळे पिकअप चारच्या सुमाराला. बोटीवर ड्रिंक्स आणि स्नॅक्स बहुतेक तिकिटातच असतात, पार्कची नदीची फी मात्र बऱ्याचदा वेगळी घेतात, बुक करतानाच विचारा. मोठी दुमजली बोट स्वस्त पडते पण गाणी लावून कल्ला चालतो, दिराला तीच आवडेल. सासूबाई असतील तर छोटी बोट घ्या, ती काठाजवळून जाते, पाणघोडे नुसते कान आणि डोळे वर काढून बघत असतात आणि मधूनच फुर्रर्र करतात, ते ऐकायला शांतता पाहिजे.

चंद्रकोर
पक्याभाऊंनी मेन गोष्टच सांगितली नाही! माऊताई, तिकिटं काढायच्या आधी भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि पौर्णिमा बघा. जून एंड-जुलै म्हणताय म्हणजे वटपौर्णिमा किंवा गुरुपौर्णिमा, यातली एक नक्की जमेल. पौर्णिमेच्या आसपासच्या दोन-तीन रात्री धबधब्याचा पार्क रात्री उघडा ठेवतात आणि तुषारांमध्ये चंद्रप्रकाशाचं इंद्रधनुष्य दिसतं. चंद्राचं इंद्रधनुष्य, हो. जगात फार थोड्या ठिकाणी हे असं ठरवून जाऊन बघता येतं. तिकीट दिवसापेक्षा जास्त असतं पण माझ्या मते अख्ख्या ट्रिपमध्ये पैसे घालवायची हीच जागा.

थोडं समजून घ्या म्हणजे पोपट होणार नाही. चंद्र तुमच्या पाठीमागे आणि आकाशात खाली पाहिजे, साधारण ४२ अंशांच्या वर गेला की कमान दिसेनाशी होते, म्हणून चंद्र उगवल्यावर लवकर जायचं, जेवून-बिवून आरामात दहाला गेलात तर काही उपयोग नाही. पाणी कमी असेल तर तुषार नाहीत, म्हणजे धनुष्यही नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पलीकडे झांबियाच्या बाजूला तर बराचसा कडा कोरडाच असतो. एप्रिलमध्ये उलटा प्रकार, पाणी एवढं की तुम्ही नुसतेच चिंब. जून-जुलै मस्त मधला काळ. डोळ्यांना ते पांढुरकं, धुरकट दिसतं, कडेला रंगाची जराशी झाक, सातही रंग हवे असतील तर कॅमेरा ट्रायपॉडवर लावून शटर १५-२० सेकंद उघडं ठेवायचं आणि लेन्स सतत पुसत बसायची. वाट ओली आणि निसरडी असते, सासूबाईंना ग्रिप असलेले बूट, रेनकोट, आणि आत स्वेटर, कारण त्या दिवसांत रात्री पारा दहाच्या खाली जातो. आफ्रिका म्हणजे गरम असं समजून लोक टीशर्टवर येतात आणि कुडकुडतात.

सोलापुरी_चटणी
सासूबाईंसाठी बोमा डिनर अँड ड्रम शो +१. व्हिक्टोरिया फॉल्स सफारी लॉजच्या आवारात आहे, आधी बुक करावं लागतं. दारातच चितेंगे म्हणून रंगीत सुती कापड असतं ते खांद्यावर बांधून देतात, आमच्या आईने ते पदरासारखं घेतलं तर ती बांधणारी बाई खूश. मग नाचगाणी आणि नंतर प्रत्येकाच्या हातात ढोल, समोरचा माणूस ताल देतो आणि अख्खा हॉल वाजवतो. गणपतीत ढोलपथक ऐकलेल्या माणसाला हात आवरत नाही, आई तर दुसऱ्याच मिनिटाला पुढचा ठेका धरून मोकळी. व्हेज जेवण मिळतं, बुकिंग करतानाच सांगा. मात्र ग्रिलवर रानडुक्कर वगैरे सगळं एकाच ठिकाणी भाजतात, त्यामुळे कडक शाकाहारी असतील तर त्या कोपऱ्यापासून लांबचं टेबल मागा. दिराला मोपाने अळी खायला लावा, खाल्ली की सर्टिफिकेट देतात 😂

पक्या_जोबर्ग
बोमा जरा जास्तच टुरिस्टी वाटतं मला, सगळ्या बसेस तिथेच. पण आईवडिलांना आवडतं हे खरं, माझ्याही आईवडिलांना आवडलं होतं.

नाइट_शिफ्ट
दिराची बाजू कोणीच घेत नाहीये म्हणून मी घेतो. शूस्ट्रिंग्ज म्हणून बॅकपॅकर्स लॉज आहे, तिथला बार हाच गावातला त्यातल्या त्यात नाइटलाइफ, कधी लाइव्ह म्युझिक, मग नाच, जगभरातली पोरं. ज्यांना नुसतं निवांत बसून बिअर प्यायचीय त्यांच्यासाठी रिव्हर ब्रूइंग कंपनी, बिअर तिथेच बनवतात. खरी मजा मात्र चिनोटिंबात, ती गावातल्या कामगार लोकांची वस्ती, वीकेंडला बिअर गार्डन, मांस भाजणं, मोठ्याने गाणी. एकटं जाऊ नका, ओळखीचा गाइड किंवा टॅक्सीवाला घेऊन जा, लोक फार अगत्याचे आहेत. तिथे चिबुकू मिळते, मका-ज्वारीची आंबट, दाट बिअर, आधी खळखळून हलवायची मग प्यायची. मला एक घोट बास झाला पण अनुभव म्हणून घ्यावा.

पलीकडे झांबियातलं लिव्हिंगस्टन गाव मोठं आहे, तिथे बार जास्त, पण नुसतं पार्टीसाठी रात्री पूल ओलांडायचा प्लॅन करू नका. व्हिसा परत एन्ट्री देणारा लागतो आणि बॉर्डर रात्री बंद झाली तर तिकडेच राहावं लागेल.

आणि हो, खर्चाला अमेरिकन डॉलर, एक आणि पाचच्या नोटा भरपूर न्या. सुट्टे कोणाकडेच नसतात, वीसची नोट दिली की उरलेल्या पैशांत कोल्ड्रिंक घ्या म्हणतात. फाटकी नोट तर बघतही नाहीत. रस्त्यात पोरं २००९ च्या शंभर ट्रिलियन झिंबाब्वे डॉलरच्या जुन्या नोटा विकायला येतील, आठवण म्हणून घ्यायच्या तर घासाघीस करा.

मुलुंडची_माऊ
बाप रे केवढी माहिती, सगळ्यांना थँक्यू! कालनिर्णय काढलं, सासूबाई म्हणतात वटपौर्णिमेचा उपास तिकडे जमणार नाही, गुरुपौर्णिमेलाच जाऊ. एकच शंका, क्रूझ आणि ते चंद्राचं इंद्रधनुष्य एकाच दिवशी जमेल का?

चंद्रकोर
जमतं पण घाई होते. पौर्णिमेला चंद्र सूर्य मावळायच्या आसपासच उगवतो, म्हणजे बोटीवरून उतरून तडक पार्कच्या गेटवर, कपडे बदलायलाही वेळ नाही. त्यापेक्षा पहिल्या संध्याकाळी क्रूझ, दुसऱ्या दिवशी धबधबा, आणि ढग आले तर हाताशी तिसरी रात्र ठेवा. बोमा राहिलेल्या दिवशी टाका. मलेरियाचा भाग आहे, जायच्या आधी डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या आणि ओडोमॉस इथूनच न्या.