एकाच पाड्यावर तीन संस्था, तीन वह्या आणि एकच मूल : समन्वयाची सुरुवात कोठून करावी?

डोंगरवाट :
मी पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा भागात एका छोट्या संस्थेत काम करते. आमची संस्था परसबागा आणि नागली-वरईच्या पाककृतींवर काम करते. त्याच पाड्यांवर दुसरी एक संस्था तीव्र कुपोषित बालकांना पूरक आहार देते, तर तिसरी बचत गट आणि पिण्याचे पाणी यांत गुंतलेली आहे. याशिवाय अंगणवाडी सेविका आणि आशाताई आहेतच, आणि प्रत्यक्षात सर्वाधिक भार त्यांच्यावरच पडतो.

अडचण अशी की, गेल्या महिन्यात एका सव्वा वर्षाच्या मुलीची नोंद आम्ही पडताळली, तेव्हा आमच्या वहीत ती वयानुसार वजनाच्या निकषावर तीव्र कमी वजनाची निघाली, दुसऱ्या संस्थेच्या दंडघेर पट्टीवर (दंडाचा घेर मोजण्याच्या पट्टीवर) ती मध्यम कुपोषित होती आणि अंगणवाडीच्या नोंदींसाठीच्या ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी अ‍ॅपवर मात्र ती साधारण श्रेणीत दिसत होती. आईला एकाच आठवड्यात तीन वेगवेगळे सल्ले मिळाले आणि तिने तिन्ही बाजूला ठेवले, याबद्दल मी तिला दोष देऊ शकत नाही. एकत्र काम करावे म्हणून तीनही संस्थांच्या दोन बैठका झाल्या, पण त्यांतील बराच वेळ करारनाम्याचा मसुदा आणि फलकावर कोणाचे नाव आधी येईल या चर्चेत गेला. त्यातच दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि मोजलेली मुलेच गावात उरत नाहीत. अशा वेळी समन्वयाची सुरुवात नेमकी कोठून करावी आणि त्याची मालकी कोणाकडे असावी?

निवृत्त पर्यवेक्षिका :
ताई, तुमच्या तीन वह्यांपैकी कोणतीही वही खोटी असेलच असे नाही, हे आधी तीनही संस्थांनी मान्य करायला हवे. वयानुसार वजन, उंचीनुसार वजन आणि दंडाचा घेर हे तीन निकष वेगवेगळ्या गोष्टी सांगतात, त्यामुळे एका निकषावर सापडलेले मूल दुसऱ्यावर निसटू शकते. मात्र मोजमापच चुकले असेल तर निकषांवरची चर्चा व्यर्थ आहे, आणि माझ्या नोकरीच्या काळात मी पाहिलेला बहुतेक गोंधळ मोजमापाचाच होता. दोन वर्षांखालील मुलाची लांबी त्याला फळ्यावर झोपवून मोजायची असते. त्यासाठी एकाने डोके स्थिर धरावे लागते, दुसऱ्याने गुडघे सरळ करून तळवे टेकवावे लागतात, आणि मूल तर रडतच असते. सेविका एकटी असेल आणि मदतनीस खिचडी शिजवत असेल, तर ती लांबी अंदाजाने लिहिली जाते. इथे संस्थेचा दुसरा हात हवा आहे. करारनाम्याच्या आधी एवढे करून पाहा : महिन्यातील एक ठरलेला दिवस, जागा अंगणवाडीची, मोजणार सेविका, धरणार संस्थांचे कार्यकर्ते, काटा वापरण्यापूर्वी माहीत असलेल्या वजनाने तपासून घ्यायचा आणि नोंद फक्त सेविकेच्या वहीत करायची. संस्थांनी आपापल्या अहवालासाठी त्याच वहीवरून आकडे उतरवून घ्यावेत. देणगीदारांना वेगळा नमुना हवा असतो हे मला ठाऊक आहे, पण तो नमुना भरण्याचे काम संस्थेच्या कार्यालयात बसून करता येते, सेविकेकडून करून घेण्याची गरज नाही.

स्थलांतराबाबत सांगायचे तर, राज्य शासनाने स्थलांतरित माता-बालकांच्या नोंदीसाठी जी संगणक प्रणाली आणली, तिचा पहिला प्रयोग ज्या जिल्ह्यांत झाला त्यांत पालघरही होता. तरीही कुटुंब निघण्यापूर्वी सेविकेने आईच्या हाती मुलाचे वजन, दंडघेर आणि लसीकरण लिहिलेले कार्ड देणे आणि भिवंडी-वसईकडील संबंधित अंगणवाडीला फोन करणे, याला पर्याय नाही. तुमच्यापैकी एखाद्या संस्थेचे काम भट्ट्यांच्या भागातही असेल, तर ती या साखळीतील सर्वांत उपयोगी कडी ठरेल.

विदर्भातील बालरोगतज्ज्ञ :
वरील मताशी मी सहमत आहे, फक्त उपचाराच्या बाजूने थोडी भर घालतो. सहा महिने ते पाच वर्षे वयातील ज्या मुलाचा दंडघेर 115 मिलिमीटरपेक्षा कमी आहे, किंवा ज्याच्या दोन्ही पायांवर सूज आहे, ते मूल तीव्र कुपोषित समजावे. मात्र त्याची भूक शाबूत असेल आणि ताप, जुलाब, न्यूमोनिया यांसारखी गुंतागुंत नसेल, तर त्याच्यावर गावातच उपचार होऊ शकतात, हे जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि अन्य दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनी 2007 च्या संयुक्त निवेदनात मान्य केले आहे. आपल्याकडे कुपोषित मुलांना गावातच आहार आणि उपचार देणाऱ्या ग्राम बाल विकास केंद्रामागे हाच विचार आहे. भूक नसलेले किंवा सूज आलेले मूल मात्र रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल झालेच पाहिजे, आणि नेमके तेच जात नाही, कारण घरी आणखी दोन मुले असतात, शेतात कामाचे दिवस असतात, आणि बुडीत मजुरीची तरतूद असली तरी ती हातात पडायला वेळ लागतो. आईबरोबर कोण जाणार, तिच्या मागे घरच्या मुलांना कोण जेवू घालणार आणि केंद्रातून परतल्यावर त्या मुलाचे वजन कोण पाहणार, ही कामे कोणत्याच योजनेच्या कागदावर नीट बसत नाहीत. बचत गट चालवणाऱ्या तुमच्या तिसऱ्या संस्थेने ती उचलावीत.

कामांच्या अशा वाटणीचे एक उदाहरण मुंबईतच आहे. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1999 मध्ये स्थापन केलेल्या ‘स्नेहा’ या संस्थेने धारावीत अंगणवाड्यांबरोबर काम करताना घरोघरी जाऊन मुले शोधणे आणि पाठपुरावा करणे यांवर भर दिला, तर उपचारासाठीचा आहार आणि वैद्यकीय तपासणी यांसाठी महापालिकेच्या शीव रुग्णालयाचा आधार घेतला.

सरगुजावाला :
मी मूळचा नागपूरचा, पण कामानिमित्त बरीच वर्षे छत्तीसगडमध्ये आहे. आपल्या चर्चेत एक वयोगट सुटतो आहे. अंगणवाडीतील गरम ताजा आहार तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असतो, त्याहून लहान मुलांना घरी नेण्याचा शिधा मिळतो, आणि आई रानात गेल्यावर तो शिजवून भरवणारे कोणी घरी नसते. सात-आठ वर्षांची बहीण धाकट्याला कडेवर घेऊन फिरते आणि तिची शाळा बुडते. बिलासपूरजवळच्या गनियारी येथील ‘जन स्वास्थ्य सहयोग’ या संस्थेने यावर फुलवारी म्हणजे गावातले पाळणाघर सुरू केले. सहा महिने ते तीन वर्षांची मुले दिवसभर गावातीलच बाईंकडे राहतात, तेथे ती दिवसातून अनेक वेळा खातात आणि झोपतात, तर व्यवस्थेवर गावाची नजर असते. पुढे हीच कल्पना राज्य शासनाने सरगुजा भागात उचलली.

झारखंडमधील ‘एकजुट’ या संस्थेचा अनुभवही नोंदवण्यासारखा आहे. पश्चिम सिंहभूम आणि ओडिशातील केंदुझर या जिल्ह्यांत महिलांच्या मासिक सभा आणि घरभेटी यांचा शास्त्रीय अभ्यास झाला, तेव्हा मुलांच्या लांबीत अपेक्षित फरक पडला नाही, पण कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण आणि अर्भकमृत्यू घटले. म्हणून एकत्रित कामाचे फळ फक्त उंचीवरून जोखू नका, नाहीतर दोन वर्षांनी तुम्हीच निराश व्हाल.

डोंगरवाट :
आपणा सर्वांची मी आभारी आहे. फुलवारीची कल्पना आमच्या पाड्यांना लागू पडेल असे वाटते. पेसा म्हणजे आदिवासी क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पाच टक्के अबंध (ठरावीक कामाशी न बांधलेल्या) निधीतून सांभाळणाऱ्या बाईंचे मानधन देण्याचा ठराव ग्रामसभेत मांडता येईल का? तसे झाले तर मालकीचा प्रश्नही सुटेल, कारण ते काम कोणत्याही संस्थेचे राहणार नाही.

निवृत्त पर्यवेक्षिका :
ठराव जरूर मांडा, पण गावाच्या सभेत नव्हे, पाड्याच्या सभेत आधी बोला, कारण गावच्या सभेत पाड्यावरच्या बायका सहसा मागे बसतात आणि मागेच राहतात. आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांना शिजवलेले जेवण देणाऱ्या अमृत आहार योजनेसाठी गावात आहार समिती असेल, तर त्यातील बायकांनाच पुढे करा. त्यांना स्वयंपाकाचा हिशेब, किराणा दुकानदाराची उधारी आणि उशिरा येणारे पैसे या तिन्हींचा अनुभव असतो. सध्या एकच बीट, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडील अंगणवाड्यांचा गट, निवडा आणि भात कापणीला येण्यापूर्वी पहिले एकत्र मोजमाप उरकून घ्या, कारण दिवाळी झाली की भट्टीवाले उचल द्यायला दारात उभे राहतात. लांबी मोजण्याचा फळा त्या बीटमध्ये किती अंगणवाड्यांत धड आहे, ते मात्र उद्याच जाऊन पाहा.