‘डिपोर्टेशन’ला ‘हद्दपारी’ म्हणावं का?

प्रश्न : ग्रीसमधल्या सलोनिका शहरातल्या ज्यूंविषयी शाळेच्या वार्षिकासाठी लेख लिहिते आहे. ‘डिपोर्टेशन’ला सगळे ‘हद्दपारी’ सुचवतात. पण ‘१९४३ मध्ये नाझींनी त्यांना हद्दपार केलं’ हे वाक्य मला खटकतंय. दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद : खटकायलाच हवं. माणसाला हद्दीबाहेर घालवलं की हद्दपार करणाऱ्याचं काम संपतं, मग तो कुठेही जावो. याच समाजाची खरी हद्दपारी १४९२ सालची. स्पेनच्या राजा-राणीने ज्यूंना देशाबाहेर काढलं, त्यांतले कितीतरी तुर्की सुलतानाच्या राज्यात सलोनिकाला येऊन वसले आणि साडेचार शतकं घरात लादिनो, म्हणजे आपली जुनी स्पॅनिशच, बोलत राहिले. १५ मार्च १९४३ला पहिली गाडी सुटली ती त्यांना ग्रीसबाहेर काढायला नव्हे, नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमधल्या आउश्वित्झ छावणीत नेऊन मारायला. बहुतेकांना पोहोचल्या पोहोचल्याच विषारी वायूने मारलं. या दोन्हींना एकच शब्द कसा चालेल?

प्रतिसाद : ‘तडीपार’ही नको. तो गुंडांना करतात, त्यात माणसाचा काहीतरी गुन्हा गृहीत असतो. आणि ‘स्थलांतर’ किंवा ‘पुनर्वसन’ तर कृपा करून नकोच, ती मारेकऱ्यांची भाषा आहे. पोलंडमध्ये क्राकोजवळ तुमची नवी वस्ती होणार, असं या लोकांना सांगितलं होतं. त्यांच्याकडचे ड्राख्मा, म्हणजे ग्रीक पैसे, काढून घेऊन बदल्यात पोलिश झ्लॉटीच्या पावत्या दिल्या होत्या. त्या पावत्या जपून घेऊन माणसं डब्यात चढली, हे आठवलं की मला तो शब्द लिहवत नाही.

प्रश्नकर्ती : मग ‘पाठवणी’?

प्रतिसाद : छे, ती लेकीची. ‘रवानगी’ पाहा. ‘कोठडीत रवानगी’ म्हणतो तेव्हा कुठे नेलं हे सांगावंच लागतं, आणि जाणाऱ्याला कुणी विचारलेलं नसतं. रवानगी मालाचीही होते. इथे तर माणसं मालडब्यांतच कोंबली होती.

प्रश्नकर्ती : असं लिहू का? ‘मार्च ते ऑगस्ट १९४३ या काळात नाझींनी सलोनिकाच्या सुमारे ४५,००० ज्यूंची मालडब्यांत कोंबून आउश्वित्झच्या छळछावणीत रवानगी केली.’

प्रतिसाद : ‘छळछावणी’ने वाटतं की ते तिथे राहिले, राबले. ते थोड्यांच्याच वाट्याला आलं. ‘मृत्युछावणी’ लिहा. आणि ‘रवानगी’च्या आधी ‘मारण्यासाठी’ घाला, ते त्या शब्दात आपोआप येत नाही.