मदत हवी आहे: कराटेतून किकबॉक्सिंगमध्ये जाताना कुठला फटका चालतो?

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याचे. मुलगी अकरावीत आहे, लहानपणापासून कराटे करते. आता तिला किकबॉक्सिंग खेळायचं आहे. मडगावचे नवे सर म्हणतात, ‘लो किक’ या प्रकारात नाव घाला. कराटेचे जुने सर म्हणतात, पायावर लाथ म्हणजे ताकीद ठरलेलीच. बरोबर कोण?

कराटेचं मला थोडंफार कळतं: ठोशाला 1, पोटावरच्या लाथेला 2, डोक्यावरच्या लाथेला 3 गुण. पण लाथ नको तितकी जोरात बसली की गुण राहतो बाजूला, शिक्षा होते. टोकियो ऑलिंपिकच्या फायनलला (2021) सौदीचा हमेदी 4-1 ने पुढे होता. त्याच्या लाथेने इराणचा गंजजादेह बेशुद्ध पडला, हमेदीला हन्सोकू मिळालं, म्हणजे तो बाद ठरला, आणि सुवर्ण गेलं आडव्या पडलेल्याला! किकबॉक्सिंगमध्ये याच लाथेवर जिंकता येतं म्हणे. मग तिथे बेकायदा काय? आणि शिक्षा कशी वाढत जाते?

प्रतिसाद 1:
दोन्ही सर बरोबर, खेळ वेगळे. वाको म्हणजे किकबॉक्सिंगची जागतिक संघटना. तिच्या नियमांत फुल कॉन्टॅक्ट या प्रकाराला मांडीवर लाथ चालत नाही, लो किक आणि के-वन या प्रकारांना चालते. गुडघा फक्त के-वनमध्ये. कोपर, डोक्याची धडक, गळा, पाठ, जांघ, डोक्याची मागची बाजू हे कशातच नाही. ताकिदी साचल्या की गुण कापतात, शेवटी बाद.
कराटेत (डब्ल्यूकेएफ, म्हणजे जागतिक कराटे महासंघाच्या नियमांत) आधी चुई (ताकीद), मग हन्सोकू-चुई (बाद होण्याआधीची शेवटची ताकीद), मग हन्सोकू. प्रकार गंभीर असेल तर पहिल्याच फटक्याला थेट हन्सोकू. शिक्काकू म्हणजे अख्ख्या स्पर्धेतूनच बाहेर. लागल्याचं नाटक केलं तरी शिक्षा आहे, आणि ती असायलाच हवी.

प्रतिसाद 2:
ताई/दादा, लो किक रिंगमध्ये होते, पूर्ण ताकदीने, नॉकआउटसकट. पहिल्याच स्पर्धेला तिथे कशाला पाठवता? किक लाइट बघा. ती मॅटवर असते, मांडीवर लाथ चालते, पण जोर आवरूनच मारायचा. कराटेवाल्यांच्या अंगात ते असतंच. अंगात नसतं ते मांडीवरची लाथ अडवणं, ते आधी शिकवून घ्या. आणि आयोजकांकडून नियमपत्रिका मागून घ्या. आपल्याकडे वाको सोडून दुसऱ्या संघटनांच्याही स्पर्धा होतात, त्यांचे नियम जुळतीलच असं नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
किक लाइटचं नाव सरांनी काढलंच नव्हतं. उद्या क्लासला जाऊन विचारतो. देव बरें करूं!