‘जेर’, ‘अंकित’ आणि ‘खाली’ : लोकांना अधीन करण्याची क्रियापदे

गेल्या आठवड्यात एका भाषांतराचे हस्तलिखित तपासताना ‘1521 साली स्पॅनिश सैन्याने मेक्सिकोतील लोकांना काबीज केले’ या वाक्यापाशी मी अडखळलो. वाक्याचा अर्थ कळत होता, तरी ते कानाला खटकत होते. त्या जागी काय लिहावे हे शोधू लागलो, तेव्हा लक्षात आले की माणसांना सत्तेखाली आणण्याच्या शब्दांची मराठीत वाण नाही. मात्र त्यांतील बहुतेक शब्दांचे कर्म ठरलेले आहे आणि ते बदलले की अर्थ ढळतो.

‘काबीज’ आणि ‘कबजा’ हे एकाच अरबी धातूचे शब्द असून मुठीत धरणे हा त्या धातूचा अर्थ आहे. म्हणून ठाणे, प्रांत, शहर काबीज होते. किल्ला सर होतो, राजा मांडलिक होतो, संस्थान खालसा होते. इंग्रजांनी 1848 मध्ये सातारा आणि 1854 मध्ये नागपूर खालसा केले असे आपण लिहितो, पण तेथील रयत ‘खालसा केली’ असे कोणी लिहीत नाही. जमीन, तट आणि गादी यांच्यासाठी राजकारणाने नेमके शब्द घडवले. रयतेचे काय झाले हे सांगायची वेळ आली की लिहिणारा चाचपडतो आणि हाताशी असलेला ‘जिंकणे’ वापरतो. तो शब्द येथे पुरत नाही, कारण लढाई जिंकता येते, मन जिंकता येते, पण ‘लोकांना जिंकले’ म्हटल्यावर वाचकाला बळजोरी दिसेलच असे नाही.

‘नमवणे’, ‘वाकवणे’, ‘झुकवणे’ ही क्रियापदे प्रयोजक आहेत. त्यांत नमण्याची क्रिया शेवटी समोरच्याकडूनच घडते, म्हणजे समोरच्याला पाठीचा कणा होता आणि तो त्याला वाकवावा लागला, हे त्या रूपातच आलेले असते. त्यामुळे जिथे प्रतिकार झाला तिथे हे शब्द शोभतात. जिथे लोकांना लढायची संधीच मिळाली नाही, तिथे ते मला खोटे वाटतात.

‘जेर करणे’ या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. फारसीत ‘जेर’ म्हणजे खाली. घोड्याच्या पोटाला आवळलेल्या तंगापासून निघून पुढच्या दोन पायांमधून वर तोंडावरच्या पट्ट्याला जोडलेली वादी म्हणजे जेरबंद. ती लावली की घोड्याला मान उधळता येत नाही. आज वर्तमानपत्रात बिबट्या ‘जेरबंद’ होतो तेव्हा पिंजराच डोळ्यांसमोर येतो, मानेखालची ती वादी आठवत नाही. ‘जेर करणे’ म्हणजे शत्रूला मान वर करता येणार नाही असे करणे, आणि ‘जेरीस आणणे’ म्हणजे त्याला पुरता थकवणे. दोन्ही शब्द प्रतिस्पर्ध्याला लागू पडतात. निःशस्त्र प्रजेला ‘जेर केले’ म्हटले की जणू तीच उठून चाल करून आली होती असा भास होतो.

हेच ‘खाली’ आपल्या देशी शब्दयोजनेतही सर्वत्र आढळते. अमलाखाली, हुकमतीखाली, टाचेखाली, जोखडाखाली: मराठीला अधीनता सांगायची झाली की ती क्रियापदापेक्षा या शब्दयोगी अव्ययावर अधिक विसंबते. इंग्रजीत या अर्थी ‘सब्जुगेट’ हे जे क्रियापद चालते, त्याच्या लॅटिन मुळातही ‘जोखडाखाली’ हाच अर्थ आहे, आणि तेथील जोखडाचा शब्द व आपले ‘जू’, जे संस्कृत ‘युग’पासून आले, ही एकाच कुळातली भावंडे आहेत. म्हणून ‘जोखडाखाली आणणे’ हे कोणाला उसने वाटत असले, तरी ते तसे नाही.

‘अंकित’ हा शब्दही जपायला हवा. अंक म्हणजे खूण. अंकित म्हणजे ज्याच्यावर दुसऱ्याची खूण उमटली आहे तो. अलीकडे हिंदीच्या प्रभावाने ‘नोंदवणे’, ‘कोरणे’ या अर्थी ‘अंकित करणे’ लिहिले जाते आणि त्यामुळे मराठीतला जुना, धारदार अर्थ बोथट होत चालला आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नामांचीही निवड करावी लागते. ‘दास्य’ आणि ‘गुलामगिरी’ हे समानार्थी म्हणून शिकवले जातात, पण ज्या भाषेत दास्य हा नवविधा भक्तीतील एक प्रकार आहे आणि ‘दास’ म्हणवून घेण्यात भक्ताला धन्यता वाटते, त्या भाषेत ‘दास्यात लोटणे’ याला नकळत एक मऊपणा येतो. ‘गुलामगिरी’ला तसा आसरा नाही. महात्मा फुल्यांनी 1873 साली शूद्रातिशूद्रांची स्थिती मांडताना ग्रंथाला हेच नाव दिले आणि तो अमेरिकेत निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. तिथे ‘दास्य’ हा शब्द कल्पून पाहिला तरी दोहोंतला फरक कळतो.

राहिला ‘वेठ’. संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला हा शब्द मोबदला न देता सक्तीने करून घेतलेल्या श्रमाचा आहे. संपामुळे प्रवासी ‘वेठीस धरले’ गेले असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातले श्रम गळून फक्त अडवणूक उरते. मेक्सिकोच्या बाबतीत मात्र मूळ अर्थच हवा, कारण अ‍ॅझ्टेकांची राजधानी टेनॉच्टिट्लान पडल्यानंतर तेथील रहिवासी ‘एन्कोमिएन्दा’ या पद्धतीने स्पॅनिश सरदारांच्या हवाली केले गेले आणि त्यांच्याकडून खंडणी व श्रम दोन्ही वसूल झाले. शिवाय शेजारच्या ट्लास्काला राज्याचे लोक त्या युद्धात स्पॅनिश बाजूने लढले होते, तेव्हा ‘मेक्सिकोतील लोकांना’ असे सरसकट कर्मही चुकीचेच होते.

हस्तलिखितात मी शेवटी असा बदल सुचवला: ‘1521 साली स्पॅनिश सैन्याने आणि त्याच्या स्थानिक मित्रांनी टेनॉच्टिट्लान काबीज केले, पुढे स्पॅनिश सत्तेने त्या प्रदेशातील लोकांना आपल्या अमलाखाली आणून वेठीला जुंपले.’ ‘काबीज’ शहराकडे राहिले, आणि माणसांच्या वाट्याला ‘जुंपणे’ हे बैलाचे क्रियापद आले.