फ्लाइट प्लॅन भरला म्हणजे नेव्हिगेशन झालं का?

तुकोगंजकर: काल ग्रुपवर एका ताज्या सीपीएलवाल्याने (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स नुकतंच मिळालेल्याने) लिहिलं की पहिल्या क्रॉसकंट्रीपासून, म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी जायच्या उड्डाणापासून, पोरांना जीपीएसमध्ये फ्लाइट प्लॅन, म्हणजे जायचा मार्ग, भरायला लावा, नकाशा आणि स्टॉपवॉच म्युझियममध्ये ठेवा. डोकं फिरलं, म्हणून लांब लिहितोय.

इंदूरहून भोपाळ. एक मुलगा सेसना १७२ विमानात बसून गार्मिन ४३० या जीपीएसवर प्लॅन भरत होता. मोठ्या नॉबने अक्षराचं घर बदलायचं, छोट्याने अक्षर फिरवायचं. भोपाळ विमानतळाचा कोड व्हीएबीपी, याने शेवटी एक खटका कमी फिरवला, ओ वर थांबला. व्हीएबीओ म्हणजे बडोदा! स्क्रीनवर नाव आलं, ते न वाचता एंटर दाबून मोकळा. अंतर दाखवतंय १४५ मैल, रेघ पश्चिमेला, आणि साहेब चेकलिस्ट वाचतायत. मी विचारलं, भोपाळ किती मैल? म्हणे, "सर, दिसेल ना आता स्क्रीनवर." नकाशावर एकदा पट्टी ठेवली असती तर ९० च्या आसपास आहे हे डोक्यात असतं की नाही?

गुलाबी_रेघ: तो सीपीएलवाला मीच. काका, चूक जमिनीवरच सापडली ना? मग जीपीएसचा काय दोष, ते तर १४५ म्हणून ओरडत होतं. मे महिन्यात दुपारी माळव्यावर उडून बघा, गहू निघालेला, सगळी शेतं एकसारखी, धुरळ्यात आठ मैलांवरची देवासची टेकडी दिसत नाही. तुमचा नकाशा मांडीवर घेऊन काय करू, वारा घालू? आणि नकाशा म्हणजे तरी काय, आमच्या क्लबात झेरॉक्सची झेरॉक्स मिळायची, नद्या आणि रस्ते सारखेच काळे.

सराफा_रात्री११: झेरॉक्सचं अगदी खरं, भिया. पण जीपीएसमधल्या विमानतळांच्या डेटाबेसचं बोला. दर २८ दिवसांनी नवा येतो, मी जिथे शिकलो तिथे चालू करताना "एक्स्पायर्ड" यायचं, तारीख पावणेदोन वर्षांपूर्वीची, आणि सर म्हणायचे ओके दाब. फी मात्र दर तासाला अद्ययावत!!

कालीसिंध: मी जीपीएसच्याच बाजूचा, तरी माझी फजिती सांगतो. भोपाळहून परत येत होतो, मार्गापासून किती सरकलो ते दाखवणारी सुई कशावर चालवायची हे ठरवणारं सीडीआय बटण जीपीएसऐवजी व्हीएलओसीवर (जमिनीवरच्या रेडिओवर) राहिलेलं, म्हणजे सुई भोपाळच्या व्हीओआरची (दिशा दाखवणाऱ्या रेडिओ केंद्राची) आणि मी समजतोय जीपीएसची. सुई दोन टिंबं डावीकडे. जीपीएसवर एक टिंब एक मैल, म्हटलं दोनच मैल आहे, येऊ हळूहळू. व्हीओआरवर टिंब दोन अंशांचं, केंद्रापासून साठ मैलांवर एक अंश म्हणजे एक मैल, मी साधारण तेवढ्यावरच होतो, हिशेब करा, चार मैल! वाटेतलं सोनकच्छ गाव उजव्या हाताला हवं होतं, ते डावीकडून गेलं तेव्हा घाम फुटला. बाहेर बघितलं म्हणून कळलं.

तुकोगंजकर: घ्या. आणि हा साठाचा हिशेब तोंडी यायला पाढे लागतात. आमच्या सेसना १५२ चा वेग ९० नॉट, म्हणजे तासाला ९० सागरी मैल, मिनिटाला दीड मैल. आजीने दीडकी (दीडचा पाढा) घोकून घेतली होती ती इथे कामाला आली. बारा दिडे अठरा, डाव्या हाताला देवासची टेकडी. छत्तीस दिडे चोपन्न, खाली आष्टा गाव आणि पार्वती नदी. घड्याळाशिवाय काही लागत नाही.

रामबागची_सून: अय्या दीडकी! आमच्याकडे सासरे अजून औटकी (साडेतीनचा पाढा) म्हणतात. माझ्या मुलाला सतरा साते विचारलं तर मोबाइल काढतो.

गुलाबी_रेघ: झालं, आता पावकी-निमकी सुरू. विषय काय होता?

सराफा_रात्री११: विषय हाच आहे. सवायकी म्हणजे मिनिटाला सव्वा मैल, ७५ नॉट, अडीचकी म्हणजे १५०. आपल्या पूर्वजांनी नॅव्हिगेशन कंप्युटर केला होता 😀

गुलाबी_रेघ: पूर्वज बैलगाडीने जात होते, अडीचकी कोणाला लागत होती?

रामबागची_सून: किराणावाल्याला. अडीच रुपये शेर. मोठ्यांशी जरा नीट बोलावं.

गुलाबी_रेघ: ताई, मी तुम्हाला काही म्हटलं नाही. आणि काका, तुमची दीडकी वारा शून्य असताना. समोरून १५ नॉट आला की सवायकी, हे कळायला ग्राउंडस्पीड (जमिनीच्या हिशेबाने वेग) लागतो, आणि तो कोण दाखवतं? जीपीएस!

तुकोगंजकर: देवासची टेकडी दाखवते. बाराऐवजी पंधराव्या मिनिटाला आली की सवायकी धर. आणि सिग्नलच गेला तर? डीजीसीएने (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने) २०२३ मध्ये जीएनएसएस, म्हणजे जीपीएससारख्या उपग्रह प्रणालींच्या, गडबडीवर परिपत्रक काढलं ते काय हौस म्हणून?

गुलाबी_रेघ: धुरळ्यात टेकडी पण जाते, तिचं परिपत्रक नाही निघत.

कालीसिंध: 😂 हे बरोबर आहे हो काका.

तुकोगंजकर: असेल. प्लॅन भरू नका असं मी कुठे म्हटलं? आधी कागदावर अंतर नि दिशा लिहा, मग भरा आणि दोन्ही जुळवा. पाच मिनिटांचं काम.

गुलाबी_रेघ: हे पहिल्यांदाच लिहिलं असतं तर इतकं टायपिंग वाचलं असतं. बरं, १७२ एकशेपाच नॉटने जाते, मिनिटाला पावणेदोन मैल. पावणेदोनची कुठली "की"?

तुकोगंजकर: ती आजीने नाही शिकवली. दुप्पट कर आणि पावकी वजा कर. बारा दुणे चोवीस, वजा बाराचा पाव तीन, एकवीस.

गुलाबी_रेघ: गार्मिन पण एकवीसच म्हणतंय.