अंध विद्यार्थ्याला विज्ञानाच्या नोट्स कशा द्याव्यात?

विज्ञानशिक्षिका:
नमस्कार. माझ्या वर्गात यंदा एक पूर्ण अंध मुलगा आला आहे. लॅपटॉपवर एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर, लावून झरझर वाचतो. पण मी पाठवलेल्या स्कॅन केलेल्या पीडीएफमधलं त्याला काहीच ऐकू येत नाही. टाइप केलेल्या जुन्या फाइल्स दिल्या, तर नुसती इंग्रजी अक्षरं ऐकू येतात म्हणतो. शिवाय आकृत्या आणि आलेख आहेतच. सगळं नव्याने टाइप करणं एकटीला झेपणारं नाही. सुरुवात कुठून करू?

श्रवणवाचक:
ताई, मी स्वतः अंध आहे आणि माझं सगळं शिक्षण स्क्रीन रीडरवरच झालं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यात अक्षरं नसतातच, मग वाचणार काय? गूगल ड्राइव्हमध्ये ती फाइल गूगल डॉक्स म्हणून उघडा, मराठी मजकूर बऱ्यापैकी सुटा होऊन मिळतो. मात्र तो डोळस माणसाने एकदा तपासलाच पाहिजे. ध आणि घ यांची फार गल्लत होते. ‘धन प्रभार’चा ‘घन प्रभार’ झाला, तर ऐकणाऱ्याला ती चूक आहे हे कळायला मार्गच नाही.

जुन्या फाइल्स युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, नसणार. त्यांच्या जुन्या फाँटमध्ये दिसायला मराठी असतं, पण आत रोमन अक्षरंच साठवलेली असतात. फाँट कन्व्हर्टरने त्या युनिकोडमध्ये आणा, पुन्हा टाइप करू नका.

वर्डमध्ये शीर्षकं नुसती ठळक करू नका, हेडिंगची स्टाइल द्या. एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे एकेका कळीने मजकुरात फिरायच्या सोयीत, एच दाबून तो एका शीर्षकावरून थेट पुढच्यावर जाऊ शकेल. ही सोय नसली की एक व्याख्या शोधायला अख्खा धडा ऐकावा लागतो. परीक्षेच्या आदल्या रात्री ते किती जिवावर येतं, ते मी अनुभवलंय.

विज्ञानशिक्षिका:
खूप आभार! आणि आलेखांचं? सध्या मी चित्राखाली ‘अंतर-काळ आलेख’ एवढंच लिहिते.

श्रवणवाचक:
त्यातून फक्त इथे आलेख आहे एवढं कळतं. असं लिहून बघा: ‘आडव्या अक्षावर काळ सेकंदांत, उभ्या अक्षावर अंतर मीटरमध्ये. रेषा शून्यातून निघून ४ सेकंदांना २० मीटरपर्यंत सरळ चढते, पुढे १० सेकंदांपर्यंत आडवी राहते.’ एवढ्यावर तो चाल स्वतः काढेल. पण प्रश्नच चाल काढा असा असेल, तर वर्णनात ‘५ मीटर प्रति सेकंद’ लिहू नका. मदत म्हणून आयतं उत्तर देणं मला शाळेत फार लागायचं. गणित मलाही सोडवायचं असायचं.

रेषेचा आकारच शिकवायचा असेल, तर पुठ्ठ्यावर दोरा चिकटवून हाताला लागेल असा आलेख करा. अक्षांना जाड सुतळी, रेषेला बारीक दोरा. एका पुठ्ठ्यावर एकच आलेख ठेवा, नाहीतर बोटांचा गोंधळ होतो.

कर्णबधिर मुलीची आई:
व्हिडिओही देत असाल, तर बोललेलं लिहून दाखवणारी सबटायटल्स आपोआप येतात म्हणून तशीच सोडू नका. शास्त्रीय शब्द हमखास चुकतात. माझी मुलगी तोच चुकीचा शब्द पाठ करते, कारण तिने दुसरा ऐकलेलाच नसतो.

विज्ञानशिक्षिका:
हे लक्षात ठेवीन. आता शेवटचं, अपूर्णांक कसे लिहू? क + ख / ग लिहिलं तर तो नक्की काय समजेल?

श्रवणवाचक:
नियमाने फक्त ख ला ग ने भागायचं, पण ऐकताना पूर्ण बेरजेला भागायचं असंही वाटू शकतं. बेरजेला भागायचं असेल, तर एका ओळीत लिहिताना कंस घालाच: (क + ख) / ग. आणि पहिला धडा तयार झाला की त्यालाच ऐकायला द्या. तुम्ही शेजारी बसा, पण स्क्रीनकडे बघू नका, त्याच्याबरोबर नुसतं ऐका. कुठे अडतंय ते तिथल्या तिथे कळेल, मग बाकीचे धडे तसे करा.