वीसपर्यंत म्हणतो, पण पाच वस्तू मोजून देता येत नाहीत. घरी काय करावं?

पाटीपेन्सिल: मुलगा ४ वर्षांचा. आकडे घडाघडा म्हणतो. पण "पाच ठोकळे दे" म्हटलं की मूठभर आणून देतो. मोजून झाल्यावर "किती?" विचारलं तर पुन्हा एकपासून सुरू! सरावाची पुस्तकं आणू का?

शून्यापुढे: पुस्तकं आत्ता नकोत. आकडे म्हणता येतात म्हणून मोजता येतं असं नाही. शेवटी म्हटलेला आकडा अख्ख्या ढिगाचा असतो, हे त्याला अजून उमगायचंय. या वयात त्यात काळजीचं काही नाही.

आधी तो कुठे अडतो ते बघा. वाटीत १० सारखी बटणं ठेवा आणि 'एक दे', 'दोन दे', 'तीन दे' असं मागत जा. जिथे मूठ भरून यायला लागेल, तिथूनच सुरुवात. समजा तीनवर अडला, तर तीनच बटणं ओळीत मांडा. एकेक उचलून डबीत टाकायचं आणि टाकताना दर बटणाला एकच आकडा म्हणायचा. नुसतं बोट फिरवलं की तोंड पुढे पळतं नि बोट मागे राहतं. उचलून टाकताना ते होत नाही. शेवटी डबीभोवती हात फिरवून तुम्हीच म्हणा, "तीन. सगळी मिळून तीन." सुरुवातीला "किती?" विचारूच नका. त्याला वाटतं, पुन्हा मोजायला सांगतायत.

ओसरी: वरच्याशी सहमत. भर एवढीच, की मांडणी बदलत राहा: ओळ, चौकोन, विखुरलेली. ओळ लांबवली की मुलांना वस्तू वाढल्यासारख्या वाटतात. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा प्रसिद्ध प्रयोग याच्यावरच आहे. समजावून उपयोग नाही, पुन्हा मोजू द्या. फाशाचे खेळही चांगले, तीन ठिपके न मोजता ओळखता यायला लागतात. (घरात ३ वर्षांखालचं भावंड असेल तर बटणं नकोत, घशात अडकतात. मोठे ठोकळे घ्या.)

पाटीपेन्सिल: रोज किती वेळ? आणि आकडे लिहायला कधी घ्यायचे?

शून्यापुढे: पाच मिनिटं पुरे, कंटाळला की थांबा. लिहिण्याची घाई नको. त्यापेक्षा जेवायला बसताना माणशी एक चमचा त्याला वाटू द्या. चुकला तर "चूक" म्हणू नका. कधीतरी तुम्हीच एक वस्तू दोनदा मोजा आणि त्याला पकडू द्या. मागितल्यावर दोन-तीन दिवस बरोबर तीनच दिली, तर चार घ्या.